उरलेल्या चिकनचा क्रीमी पास्ता, क्रीमच्या पाकिटाशिवाय

पुण्यातल्या मांसाहारी घरांत रविवारी दुपारी चिकनचा रस्सा होतो, पातेल्यात चार-सहा तुकडे उरतात, आणि त्यांचे पुढे काय करायचे हे बऱ्याचदा वारावर ठरते. सोमवार, गुरुवार किंवा शनिवार पाळणाऱ्या घरांत हे चिकन एक तर त्याच रात्री संपवावे लागते किंवा मंगळवार-बुधवारपर्यंत नीट सांभाळावे लागते, आणि तोवर तोच रस्सा पोळीबरोबर पुन्हा खाण्याचा उत्साह कोणालाही उरलेला नसतो. अशा वेळी क्रीमी पास्ता करावा. त्यासाठी मुद्दाम बाजारात जाण्याची गरज नाही. क्रीमचे पाकीटही लागत नाही. सॉसला येणारा मऊ, दाट पोत हा पास्त्याच्या पाण्यात उतरलेले पिष्ट, दुधातला स्निग्धांश आणि आचेवरचा ताबा या तीन गोष्टींतून येतो, आणि ज्या घरात रोज दूध तापवले जाते त्या घरात या तिन्ही गोष्टी हाताशी असतात.

क्रीमशिवाय हा पोत साधता येतो याची साक्ष खुद्द रोममध्ये आहे. आल्फ्रेदो दी लेलिओ या रोममधल्या उपाहारगृहचालकाच्या नावाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रसिद्ध झालेल्या पास्त्यात फक्त लोणी, पार्मेझान चीज आणि पास्ता शिजवलेले पाणी असे. त्यात क्रीम घालण्याची पद्धत पुढे अमेरिकेत रूढ झाली. पास्त्यावर चिकन घालणे हीसुद्धा इटलीतली नेहमीची रीत नव्हे. त्यामुळे आपण करणार आहोत तो पदार्थ इटलीचा म्हणून मिरवू नये. तो पुण्यातल्या फ्रीजमधून निघालेला पदार्थ आहे आणि त्याची कृतीही त्या फ्रीजकडे बघूनच ठरवावी.

दोन माणसांच्या पोटभर जेवणासाठी साधारण १६० ग्रॅम कोरडा पास्ता, हाडे काढून एक मोठी वाटीभर शिजलेले चिकन, ३०० मिलिलीटर दूध, दोन-तीन टेबलस्पून ताजी साय, एक टेबलस्पून मैदा, दोन टेबलस्पून लोणी किंवा तूप, चार-पाच लसूण पाकळ्या, एक लहान कांदा, प्रत्येकी २५ ग्रॅमचे दोन चीज क्यूब आणि फ्रीजमध्ये जी असेल ती मूठ-दोन मुठी भाजी एवढे साहित्य पुरते. ओरिगॅनो आणि चिली फ्लेक्सचे म्हणाल, तर पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या बहुतेक घरांत एखाद्या खणात साठलेल्या असतातच. यातले दूध, पीठ आणि पास्ता यांचे परस्परांशी असलेले प्रमाण सोडले, तर बाकी कशाचेही प्रमाण काटेकोर नाही.

आधी चिकनची पारख

पहिला नियम असा की पास्त्यासाठी पातेल्यात उरलेले तुकडेच घ्यावेत, ताटात उरलेले उष्टे तुकडे कधीही घेऊ नयेत. दुसरा नियम वेळेचा. शिजवलेले चिकन खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, आणि एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हीच मर्यादा एका तासावर आणावी. जेवणे झाली की रस्सा गार होण्याची वाट बघत पातेले संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे; ती सोडणे फार गरजेचे आहे, कारण या काळात वाढणारे जीवाणू वासावरून किंवा चवीवरून ओळखू येतीलच असे नाही, आणि त्यांतल्या काहींनी तयार केलेले विष पुन्हा उकळूनही नाहीसे होत नाही. रस्सा पसरट, उथळ भांड्यात काढल्यास तो लवकर निवतो आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवता येतो. फ्रीजमध्ये, पाच अंशांच्या खाली, असे चिकन तीन दिवस चांगले राहते. रविवारचे चिकन मंगळवारी वापरायचे असेल तर फ्रीज पुरेसा आहे. बुधवार रात्रीच्या पुढे जाणार असेल तर ते रविवारीच फ्रीजरमध्ये टाकावे आणि वापरण्याच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात आणून ठेवावे, ओट्यावर वितळवू नये.

चिकन कोणत्या स्वरूपात उरले आहे त्यावर पुढची चव अवलंबून असते. रश्श्यातले तुकडे चाळणीत निथळावेत आणि त्यांना चिकटलेले कांदा-खोबऱ्याचे वाटण चमच्याने हलकेच खरवडून काढावे. नळाखाली धुण्याचा मोह टाळावा, कारण त्याने मसाल्याबरोबर मांसाची स्वतःची चवही वाहून जाते आणि उरते ते ओले, निःसत्त्व चिकन. थोडा मसाला राहिला तर सॉसला फिकट केशरी रंग येतो आणि तो छानच दिसतो. मात्र खोबऱ्याचा चोथा राहिला तर सॉस रवाळ लागतो, म्हणून वाटण काढणे महत्त्वाचे. सुक्क्या चिकनच्या बाबतीत हेच थोडे जास्त निगुतीने करावे. पार्सल आणलेल्या तंदुरी चिकनचे दोन-तीन तुकडे उरले असतील तर ते या पदार्थासाठी सर्वांत चांगले, कारण त्यांचा धुरकट वास दुधाच्या सॉसमध्ये उठून दिसतो. फक्त पूर्ण काळे झालेले भाग कापून टाकावेत, नाहीतर सॉस कडवट होतो. सुपासाठी उकडलेले चिकन असेल तर त्याला स्वतःची चव फारशी नसते, तेव्हा लसूण आणि मिरपूड दुप्पट घ्यावी.

मग हाडे सोडवावीत. हे काम सुरीने करू नये, बोटांनी करावे, कारण पाठीच्या आणि मानेच्या तुकड्यांतली बारीक हाडे डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना लागतात, आणि पांढऱ्या सॉसमध्ये ती मुळीच दिसत नाहीत. घरात लहान मुले असतील तर सोडवलेले मांस पुन्हा एकदा बोटांखालून घालावे. मांसाचे धागे धरून घासाएवढे तुकडे करावेत. फार बारीक तंतू केल्यास ते सॉसमध्ये विरघळल्यासारखे होतात आणि खाताना चिकन जाणवत नाही. निघालेली हाडे टाकून देण्याआधी कांद्याची टोके, कोथिंबिरीच्या काड्या आणि दोन-तीन वाट्या पाण्यासह कुकरला लावून तीन शिट्ट्या काढल्यास त्यांतून हलका स्टॉक मिळतो, आणि दुधाचा एक तृतीयांश भाग कमी करून तेवढा स्टॉक वापरला की सॉसला जी खोली येते ती कोणत्याही मसाल्याने येत नाही. वेळ असेल तर ही पायरी सोडू नये असे मी आग्रहाने सांगेन.

एकदा शिजलेल्या चिकनच्या बाबतीत एक गोष्ट सतत लक्षात ठेवावी. मांस शिजते तेव्हा त्यातली प्रथिने आकसतात आणि आतले पाणी बाहेर फेकतात. पुन्हा जास्त वेळ शिजवले तर उरलेसुरले पाणीही जाते आणि मांस चिवट, कोरडे होते. छातीच्या भागात हे फार लवकर घडते. मांडीच्या मांसात चरबी आणि जोड-ऊती जास्त असल्यामुळे ते दुसऱ्यांदा तापवणे बऱ्यापैकी सहन करते. म्हणून उरलेले चिकन सुरुवातीला कांद्याबरोबर परतू नये. ते शेवटी, तयार सॉसमध्ये घालावे आणि आतपर्यंत कडकडीत गरम होईल एवढेच ठेवावे. फ्रीजमधल्या शिजलेल्या चिकनला दुसऱ्या दिवशी एक शिळकट वास येतो, तो त्यातल्या चरबीचे हवेशी संयोग होऊन ऑक्सिडीकरण झाल्यामुळे. लसूण, मिरपूड आणि दुधाची स्निग्धता यांनी तो बऱ्याच अंशी झाकला जातो. झाकला जातो म्हणून कुबट किंवा आंबूस वास येणारे चिकन मात्र वापरू नये, ते सरळ टाकून द्यावे.

पास्ता आणि त्याचे पाणी

चांगला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्यापासून बनतो. महाराष्ट्रातला बन्सी गहू याच ड्युरम प्रकारातला आहे, आणि बन्सी रव्याचा शिरा मोकळा होतो त्यामागे जो कणखरपणा आहे तोच पास्त्याला उकळत्या पाण्यात आकार धरून ठेवायला मदत करतो. पाकिटावर घटक वाचून घ्यावेत; साध्या रव्याचा किंवा मैदा मिसळलेला पास्ता असेल तर तो लवकर लिबलिबीत होतो, तेव्हा तो दोन मिनिटे आधीच काढावा. पेने, फुसिली, मॅकरोनी यांची अर्धी-अर्धी पाकिटे उरली असतील तर ती एकत्र करायला हरकत नाही, मात्र प्रत्येकाची शिजण्याची वेळ बघून जास्त वेळ घेणारा प्रकार आधी पाण्यात सोडावा.

१६० ग्रॅम पास्त्यासाठी सव्वा लीटर पाणी घ्यावे. पुस्तकांत याहून जास्त पाणी सांगितलेले असते, पण आपल्याला पाण्यात पिष्ट दाटून हवे आहे, म्हणून पाणी मुद्दाम कमी ठेवायचे आणि पहिली दोन मिनिटे पास्ता ढवळत राहायचे. मीठ एक सपाट चहाचा चमचा पुरे, कारण रश्श्यातल्या चिकनमध्ये आणि चीजमध्ये आधीच मीठ असते. पाण्यात तेल घालू नये; ते वर तरंगते आणि पास्ता उपसताना त्याला चिकटून सॉस धरू देत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळते, त्यामुळे पाकिटावर दिलेल्या वेळेपेक्षा अर्धे-एक मिनिट जास्त लागू शकते. वेळेपेक्षा दाताचा कौल घ्यावा: एक तुकडा चावून बघितल्यावर मध्यभागी किंचित कडकपणा जाणवला पाहिजे, कारण उरलेले शिजणे सॉसमध्ये व्हायचे आहे. उपसण्यापूर्वी दीड वाटी पाणी आठवणीने बाजूला काढून ठेवावे आणि पास्ता थंड पाण्याखाली धुऊ नये. शिजलेला पास्ताच फ्रीजमध्ये उरला असेल तर तो उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून घ्यावा. अशा वेळी पिष्टाचे पाणी मिळत नाही, म्हणून मैदा अर्धा चमचा वाढवावा.

मटारचे किंवा मक्याचे दाणे असतील तर ते शेवटच्या दोन मिनिटांत पास्त्याबरोबरच पाण्यात टाकावेत.

दूध, साय आणि आच

आता मुख्य काम. जाड बुडाच्या कढईत एक टेबलस्पून लोणी तापवावे. रस्सा फ्रीजमध्ये गार झाल्यावर त्यावर तर्रीचा थर जमतो. लोण्याऐवजी त्यातला एक चमचा वापरल्यास कांदा-लसूण मसाल्याचा गंध सॉसमध्ये उतरतो आणि वेगळे तिखट घालावे लागत नाही. मला स्वतःला हा बदल फार आवडतो, आणि पुण्यातल्या जिभेला तो लगेच पटतो. यात बारीक चिरलेला कांदा पारदर्शक होईपर्यंत परतावा, मग ठेचलेला लसूण घालावा आणि तो लाल होण्याआधीच भाजी टाकावी. अर्धी उरलेली सिमला मिरची, गाजर, फरसबी, पालकाची पाने, मंडईतून आणलेल्या मश्रूमच्या डब्यातले शेवटचे चार-पाच मश्रूम, यांतले काहीही चालते. मश्रूम मोठ्या आचेवर, त्यांचे पाणी पूर्ण आटेपर्यंत परतावेत. टोमॅटो घालू नये. भाजी ताटलीत काढून घ्यावी.

त्याच कढईत उरलेले एक टेबलस्पून लोणी आणि एक टेबलस्पून मैदा मंद आचेवर दीड-दोन मिनिटे परतावा, कच्चा वास जावा पण रंग बदलू नये इतपत. मैदा नसेल तर कणीक चालते. ती थोडी जास्त भाजावी लागते आणि सॉस बदामी दिसतो, पण चवीला तो उलट खमंग लागतो. मग फ्रीजबाहेर काढून ठेवलेले दूध तीन भागांत घालावे: पहिला भाग घातला की लगदा होतो, तो पूर्ण गुळगुळीत होईपर्यंत घोटावा, त्यानंतरच दुसरा भाग घालावा. सगळे दूध एकदम ओतल्याने गुठळ्या होतात. एवढे करूनही झाल्याच तर सॉस गाळून घ्यावा आणि पुढे जावे. पिठातले पिष्ट उकळीच्या जवळ गेल्यावरच पूर्ण फुगते, म्हणून सॉस पातळ वाटला तरी घाईने पीठ वाढवू नये. त्याला एक उकळी येऊ द्यावी आणि चमच्याच्या पाठीवर थर धरतो का ते बघावे. दूध शक्यतो फुल क्रीम किंवा म्हशीचे घ्यावे. टोन्ड दुधात स्निग्धांश तीन टक्के असतो आणि फुल क्रीममध्ये सहा टक्के. क्रीमच्या पाकिटाशिवाय काम करताना हा दुपटीचा फरक जिभेला कळतो.

आता चिकन घालावे, आणि मंद आचेवर सॉस बारीक उकळत असताना दोन-तीन मिनिटे झाकण ठेवावे. एक मोठा तुकडा मोडून बघावा. आतून वाफ आली पाहिजे. त्यानंतर भाजी, उपसलेला पास्ता आणि अर्धी वाटी राखून ठेवलेले पाणी घालून एक-दोन मिनिटे हलवत राहावे. या मिनिटांत पास्ता सॉस पितो आणि त्याचे पिष्ट सॉसमध्ये मिसळते. सॉस हवा त्यापेक्षा थोडा सैलच ठेवावा, कारण ताटात गेल्यावर तो झपाट्याने आळतो.

गॅस बंद करावा आणि मगच साय घालावी. साय ताजी, एक-दोन दिवसांची असावी. तुपासाठी आठवडाभर साठवलेली, विरजण लावलेली साय इथे उपयोगाची नाही, कारण ती आंबट असते. ताजी सायही थेट घातली तर तिचे पापुद्रे सॉसमध्ये तरंगतात, म्हणून ती दोन चमचे कोमट दुधात घोटून किंवा मिक्सरमध्ये दोनच सेकंद फिरवून घ्यावी. जास्त फिरवल्यास लोणी सुटते. सायीऐवजी घरात साखर न घातलेला चक्का असेल तर तोही चालतो, पण तो एका वाटीत घेऊन त्यात तीन-चार चमचे गरम सॉस हळूहळू मिसळावा आणि मग ते मिश्रण कढईत घालावे. दुधातली प्रथिने आम्ल आणि उष्णता एकत्र आली की एकमेकांना चिकटून फाटतात. पिठाचे पिष्ट त्यांना काही प्रमाणात वेगळे ठेवते, म्हणूनच टोमॅटो घातलेल्या रश्श्यातले चिकन आधी दाट झालेल्या सॉसमध्ये घालायचे, नुसत्या दुधात नाही.

चीजही याच वेळी किसून घालावे. क्यूबच्या स्वरूपातल्या प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये पायसीकारक, म्हणजे स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे, क्षार असतात, त्यामुळे ते तेल न सुटता एकजीव वितळते आणि या सॉससाठी महागड्या चीजपेक्षा जास्त भरवशाचे ठरते. पनीर आम्लाने जमवलेले असल्यामुळे वितळत नाही. चीज नसल्यास पनीर थोड्या दुधाबरोबर वाटून त्याची गुळगुळीत पेस्ट घालावी. ताजी कुटलेली मिरपूड, ओरिगॅनो आणि किसणीवर दोनदा फिरवलेले जायफळ घालून चव बघावी आणि मीठ लागले तरच घालावे. श्रीखंड-पुरणपोळीसाठी ठेवलेले जायफळ पांढऱ्या सॉसमध्येही शोभते, युरोपातही ते या सॉसमध्ये परंपरेने घालतात; फक्त ते जाणवेल न जाणवेल इतकेच असावे.

शिळा पाव किंवा ब्रेडच्या कडा असतील तर मिक्सरमध्ये त्यांचा भरड चुरा करून चमचाभर तुपात लसणाबरोबर कुरकुरीत परतावा आणि वाढताना वरून घालावा. मऊ सॉसला या चुऱ्याने जो कुरकुरीतपणा मिळतो त्यासाठी हा पाच मिनिटांचा खटाटोप सार्थकी लागतो. पास्ता मात्र कढईतून थेट ताटलीत वाढावा. सगळे जमेपर्यंत झाकून ठेवण्याचा हा पदार्थ नाही. उशीर झालाच तर राखलेल्या पाण्यातले दोन-तीन चमचे गरम करून घालावे आणि हलक्या हाताने ढवळावे, सॉस पुन्हा सैल होतो.

हा पास्ता उरवू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण यातले चिकन आधीच एकदा गार करून पुन्हा तापवलेले असते, आणि ते परत गार करून परत तापवणे चवीच्या आणि आरोग्याच्या दोन्ही दृष्टींनी योग्य नाही. दुसऱ्या दिवशी मुलांच्या डब्यात पास्ता द्यायचाच असेल तर सॉसमध्ये चिकन घालण्याआधीच डब्यापुरता सॉस आणि भाजी वेगळी काढावी आणि गार होताच फ्रीजमध्ये ठेवावी. सकाळी तो सॉस दोन-तीन चमचे दूध घालून मंद आचेवर उकळी येईपर्यंत गरम करावा, ताजा उकडलेला पास्ता त्यात मिसळावा आणि चीज थोडे जास्त घालावे. सॉसमध्ये तर्री किंवा हाडांचा स्टॉक वापरला नसेल, तर चिकन नसल्यामुळे हा डबा सोमवारीही चालतो.